बॅकअपची एसएसडी आणि सोलापूरचा उन्हाळा

हार्ड डिस्कचा जमाना संपला, आता बॅकअपसाठीही एसएसडीच (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) घ्यावी, हे अनेकांचे मत मला निम्मेच पटते. ज्या डिस्कवरून लिनक्स ही संगणक प्रणाली चालते ती एसएसडी असावी आणि तिच्यावर खुशाल ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल प्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) ठेवावी. परंतु वर्षातून एखाद्या वेळी जोडून पुन्हा कपाटात जाणाऱ्या बॅकअपचा प्रश्न वेगळा आहे. एसएसडीमधील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. वीज नसताना तो भार हळूहळू गळतो आणि उष्णतेने गळतीचा वेग वाढतो. जेडेक या चिप उद्योगातील मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार, लेखनमर्यादा (एकूण किती माहिती लिहिता येईल ती सीमा) वापरून संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ टिकवते, हे खरे. पण आपल्याकडे सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमधील लोखंडी कपाट त्याहूनही तापते.

याच कारणासाठी एका यंत्रमाग कारखान्यातील चादरींच्या जॅकार्ड नक्षींच्या फाइली मी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल प्रणालीमध्ये ठेवल्या आहेत. ईएक्सटी४ केवळ मेटाडेटाचे (फाइलींविषयीच्या नोंदींचे) चेकसम, म्हणजे बिघाड ओळखण्यासाठीचे पडताळणी-आकडे, ठेवते, बीटीआरएफएस प्रत्यक्ष मजकुराचेही ठेवते. प्रत्येक डिस्कवर मजकुराची एकच प्रत असल्याने स्क्रब, म्हणजे सगळी डिस्क वाचून चेकसम पडताळण्याची आज्ञा, चूक दाखवते, दुरुस्त करू शकत नाही. मागच्या खेपेस स्क्रब चालवताच कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत बिघडलेल्या नक्षीच्या फाइलीचे नावच मिळाले आणि दुसऱ्या डिस्कवरून ती लगेच बदलता आली.