आकाशगंगेचा ‘गाभा’ की ‘केंद्र’?

यावलकर: विज्ञान प्रदर्शनासाठी पोरांचा फलक मराठीत करतोय. विषय : रेडिओ दुर्बिणींनी टिपलेला आकाशगंगेचा मधला भाग. मी ‘गाभा’ लिहिलं. एका जाणत्याने खोडून ‘केंद्र’ केलं. म्हणे गाभा केळीला असतो. काय ठेवू?

शुद्धमती: केंद्रच. शास्त्रात संस्कृत शब्दच नेमका बसतो.

तापीकाठ: ताई, ‘केंद्र’ मूळचा ग्रीक. ज्योतिषाबरोबर इकडे आला. तुमचं सोवळं तिथेच बाटलं :)

रेडिओवाले नाना: दोन्ही लागतील. केंद्र म्हणजे बिंदू. तिथे सॅजिटेरियस ए-स्टार, सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर. १९७४ साली रेडिओ दुर्बिणींनीच हेरलं. गाभा म्हणजे भोवतीचा शेकडो प्रकाशवर्षांचा पसारा : वायूचे ढग, फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष, चुंबकीय क्षेत्राच्या ओढीत उभे राहिलेले लांबच लांब धागे. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणींच्या २०२२च्या चित्रात हे धागे बघाच. वाटेत धूळ एवढी, की साधा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही. रेडिओ लहरी धुळीच्या कणांहून कितीतरी लांब, त्या बिनबोभाट पार होतात.

अहिराणी भो: भो, सरळ ‘मझार’ म्हना ना, म्हंजे मधे! घरमझार, वावरमझार, तसं आकाशगंगामझार.

शुद्धमती: फलक मराठीत हवाय, बोलीत नाही.

तापीकाठ: जुन्या मराठीत ‘माझारीं’ चांगला नांदत होता. संस्कृत मध्य, प्राकृत मज्झ, मग माझारीं. तुम्ही टाकला, खान्देशाने सांभाळला.

पंचांगवाले आप्पा: हे ठिकाण मूळ नक्षत्रात येतं. मूळ म्हणजे उगम. पूर्वजांना ठाऊक होतं!

रेडिओवाले नाना: आप्पा, दिशा जुळते, अंतराचं काय? मूळ म्हणजे विंचवाची नांगी. तिच्यातला ठळक तारा पाच-सहाशे प्रकाशवर्षांवर, केंद्र २६ हजारांच्या पलीकडे. तिकडून येणारी रेडिओ खरखर पहिल्यांदा ओळखली अमेरिकी अभियंता कार्ल जान्स्कीने, १९३३ साली जाहीर केली. तोही रेडिओ-टेलिफोनमधला व्यत्यय शोधत होता, ब्रह्मांड नव्हे.

शुद्धमती: खरखर नाही हो, ‘सूं’ असा एकसुरी आवाज होता म्हणतात.

तापीकाठ: मग ‘सूंसूं’ लिहा फलकावर!

अहिराणी भो: नाना, तोरणमाळहून दिसेल का हे?

रेडिओवाले नाना: मेअखेर, रात्री दीडच्या पुढे, दक्षिणेला साधारण ४० अंशांवर. जागा दिसेल, केंद्र नाही.

पंचांगवाले आप्पा: अमावास्या बघून ठरवा. शहाद्याहून गाडी माझी.

यावलकर: अहो, फलकाचं…

अहिराणी भो: आप्पा, गाडीमा जागा किती शे?