व्यवस्थापकांविरुद्ध तोंडी तक्रार आली आहे आणि कारखान्यातील समिती केवळ फलकावर आहे, काय करावे?

प्रश्न (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी कार्यालयाचे काम पाहते. माग, शिवण आणि पॅकिंग मिळून आमच्याकडे साठ-सत्तर माणसे असून त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत.

शिवण विभागातील एक तरुण कामगार स्त्री गेल्या आठवड्यात सुट्टीनंतर मागे थांबली आणि "अक्का, कुणाला सांगू नका" असे म्हणून तिने मला जे सांगितले ते असे: उत्पादन व्यवस्थापक माल तपासण्याच्या निमित्ताने तिच्या अंगाला हात लावतात, रात्री मोबाईलवर नको ते संदेश पाठवतात, आणि तिने स्पष्ट नकार दिल्यापासून तिने शिवलेला माल सतत नापास ठरवला जात आहे. आमच्याकडे मजुरी नगावर असल्यामुळे नापास माल म्हणजे थेट तिच्या हातात पडणाऱ्या पैशांतील कपात होय. हा प्रकार गणेशोत्सवाच्या सुमारास सुरू झाला आणि अद्याप थांबलेला नाही. तिची मातृभाषा तेलुगू असून ती मराठी बोलते, परंतु तिला मराठी लिहिता येत नाही. घरी तिने काहीही सांगितलेले नाही, कारण सांगितले तर आपले काम बंद होईल अशी तिला भीती वाटते.

मी नावे न घेता मालकांना विचारून पाहिले. "दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाका, नाहीतर तिला दुसऱ्या विभागात घाला," असे ते म्हणाले. कार्यालयाबाहेर लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीचा फलक आहे, परंतु त्यावर ज्यांचे नाव आहे त्या अध्यक्षा नोकरी सोडून गेल्या आहेत आणि बाहेरील सदस्याला आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलेले नाही. लेखी काहीच नसताना मला पुढे जाता येते का? दुसऱ्या बाजूने, व्यवस्थापक येथे अनेक वर्षे आहेत आणि त्यांच्याबद्दल पूर्वी काही ऐकलेले नाही, त्यामुळे माझ्या हातून कोणावरही अन्याय होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

उत्तर १ (कामगार कायद्याचे काम करणारा वकील)

प्रथम मालकांच्या सूचनेबद्दल लिहितो, कारण बहुतेक प्रकरणे तिथेच बिघडतात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्यात समेटाची तरतूद आहे, परंतु तो केवळ त्या स्त्रीने स्वतः विनंती केली तरच करता येतो, तोही चौकशी सुरू होण्यापूर्वी, आणि पैसे देणे-घेणे हा त्याचा आधार असू शकत नाही. जिला त्रास झाला तिला अधिकार असलेल्या माणसासमोर बसवून "काय झाले ते सांग" असे म्हणणे हा समेट नव्हे, ते दडपण आहे. तिला न विचारता दुसऱ्या विभागात पाठवणे म्हणजे तक्रार करण्याची शिक्षा तिलाच देणे आहे. बदली तिने लेखी मागितली, तर अंतरिम, म्हणजे चौकशी चालू असतानाचा, दिलासा म्हणून समिती तशी शिफारस करू शकते. त्याचप्रमाणे तीन महिन्यांपर्यंतच्या रजेची शिफारस करता येते, आणि ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. तुमच्या प्रकरणात मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक दिलासा, म्हणजे तिच्या कामाचे मूल्यमापन त्या व्यवस्थापकांकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देणे. तसे झाले तर नापास मालाचे शस्त्र त्यांच्या हातून लगेच जाते.

लेखी काही नाही म्हणून तुम्ही हातावर हात ठेवून बसावे असे कायदा म्हणत नाही. औपचारिक चौकशीसाठी तक्रार लेखी हवी आणि ती तिच्याच नावाने हवी, हे खरे आहे. परंतु जिला लिहिणे शक्य नाही तिला ती लिहून घेण्यासाठी सर्व वाजवी साहाय्य देणे हे समितीचे कर्तव्य कायद्यानेच ठरवले आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून मुदत मोजतात, आणि उशिराचे कारण पटल्यास समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तुम्ही लिहिता त्यावरून मुदत शिल्लक आहे, तरीही वाट पाहू नये.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. वरिष्ठ पदावरील स्त्री अध्यक्ष, कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतील किंवा या विषयाची जाण असलेली बाहेरील एक व्यक्ती, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया अशी तिची रचना असते. ती नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकांना हे लेखी कळवा. मात्र नव्या समितीत तुम्ही स्वतः या प्रकरणापुरते बसू नये, असा माझा सल्ला आहे. तिने सर्वप्रथम तुम्हाला सांगितले असल्यामुळे तुम्ही उद्या साक्षीदार ठरू शकता, आणि साक्षीदारानेच न्याय करावा हे दोन्ही बाजूंना घातक ठरेल.

एक प्रश्न विचारतो, त्याच्या उत्तरावर पुढचा मार्ग अवलंबून आहे: हे व्यवस्थापक केवळ पगारी नोकर आहेत की कारखान्यात त्यांची भागीदारी आहे?

उत्तर २ (जुळे सोलापूर)

मी एका खासगी कार्यालयात असताना माझ्या वरिष्ठाविरुद्ध अशी तक्रार केली होती, म्हणून त्या बाजूने लिहिते. ताई, तिने तुम्हाला सांगितले हीच तिच्यासाठी फार मोठी पायरी आहे, आणि आता तिला सर्वांत जास्त गरज आहे ती पुढे नेमके काय होईल हे आधी कळण्याची. माझ्या वेळी मला कोणीही सांगितले नव्हते की तक्रारीची प्रत समोरच्या माणसाकडे जाते. ती गेल्याचे मला दालनातील कुजबुजीवरून समजले आणि त्या दिवशी मी तक्रार मागे घेण्याच्या विचारापर्यंत आले होते. म्हणून सही करण्याआधी तिला हे सांगा, आणि तिच्या भाषेत सांगा. तक्रार तिला तेलुगूत वाचून दाखवा, तिने होय म्हटल्यावरच सही घ्या, आणि कोणी वाचून दाखवली याची नोंद खाली करा. भाषांतर करणारी स्त्री त्याच विभागातील किंवा नात्यातील नसावी. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे ही काळजी अधिक घ्यावी लागेल.

दुसरे म्हणजे संदेश. तिने ते पुसू नयेत, कितीही किळस आली तरी. केवळ पडद्याची छायाचित्रे ठेवून फोन बदलू नये, कारण प्रकरण न्यायालयात गेल्यास मूळ फोन लागू शकतो. आणि तिला "तू उत्तर का दिलेस" किंवा "इतके दिवस गप्प का राहिलीस" असे विचारू नका. नगावर मजुरी मिळवणारी बाई गप्प का राहते, हे आपल्या गावात कोणाला सांगावे लागू नये.

उत्तर ३ (निवृत्त कार्मिक अधिकारी)

माझे आयुष्य येथील कापड धंद्यात कामगारांच्या नोंदी ठेवण्यात गेले, त्यामुळे मी नोंदींबद्दल बोलतो. आपल्याला व्यवस्थापकांवरही अन्याय होऊ द्यायचा नाही असे आपण लिहिले आहे, आणि ही काळजी योग्य आहे. त्यांना तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत मिळाली पाहिजे, उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत, आपले साक्षीदार आणि कागद मांडता आले पाहिजेत, आणि समितीपुढे कोणत्याच बाजूला वकील आणता येत नाही. "ते असे करणारे नाहीत" आणि "ते असेच असणार" ही दोन्ही वाक्ये समितीच्या खोलीबाहेर ठेवावीत. माणसाची प्रतिष्ठा हा पुरावा नव्हे.

खरा पुरावा आपल्या नापास मालाच्या वहीत आहे. गणेशोत्सवापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत तिचे किती नग नापास झाले आणि नकारानंतर किती झाले, त्याच काळात त्याच मापाच्या मालावर शेजारच्या यंत्रावरील स्त्रियांचे किती झाले, आणि नापास ठरवलेल्या मालावर सही कोणाची आहे, हे शांतपणे काढून ठेवा. आकड्यांत फरक नसेल तर तो व्यवस्थापकांच्या बाजूचा पुरावा आहे, आणि फरक असेल तर त्यांना त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल. वहीची छायाप्रत आजच करून घ्या. कॅमेरे असतील तर त्यांतील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जतन करण्याची लेखी सूचना आताच द्यायला हवी.

खोट्या तक्रारीची धमकी मालक देतील, म्हणून हेही लिहितो. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून तक्रारदार स्त्रीवर कारवाई करता येत नाही. तिने द्वेषाने किंवा खोटे आहे हे ठाऊक असताना तक्रार केली हे स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावे लागते. कामगार स्त्रियांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही आणि त्या भीतीने मागे हटतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. वहीची छायाप्रत काढली आहे. आकडे येथे देत नाही, परंतु फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. वकील साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, व्यवस्थापक हे मालकांचे मेहुणे असून भागीदारीपत्रात त्यांचेही नाव आहे. कामगार त्यांना व्यवस्थापक म्हणूनच ओळखतात. तिच्याशी मी पुन्हा बोलले. ती तक्रार द्यायला तयार आहे, मात्र पोलिसांकडे जायचे की नाही याचा निर्णय तिला आत्ता घ्यायचा नाही.

उत्तर ४ (कामगार कायद्याचे काम करणारा वकील)

मग मार्ग बदलतो. भागीदार असून कारखान्याचे व्यवस्थापन आणि नियंत्रण पाहणारी व्यक्ती ही कायद्याच्या दृष्टीने मालकच आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती कारखान्यातील समितीकडे नव्हे, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्यांच्याच पगारावर असलेल्या सदस्यांनी त्यांची चौकशी करावी, या अशक्य अपेक्षेतून तुमची सर्वांची सुटका होते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्थानिक समितीची चौकशी करा. तालुका पातळीवरील समन्वय अधिकाऱ्याकडे तक्रार दिली तरी त्यांना ती सात दिवसांत समितीकडे पाठवावी लागते. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत संदेशांच्या छापील प्रती, वहीची छायाप्रत आणि साक्षीदारांची नावे व पत्ते द्यावेत. पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. मूल्यमापन त्यांच्याकडून काढण्याची अंतरिम मागणी त्याच दिवशी वेगळ्या अर्जाने करावी.

चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत आणि शिफारशींवर कारवाई ६० दिवसांत. पोलिसांचा मार्ग यामुळे बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली अंगाला हात लावणे आणि शरीरसुखाची मागणी करणे यांना तीन वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची शिक्षा आहे. तो निर्णय तिचाच राहू द्या, मात्र हा पर्याय आहे हे तिला माहीत असावे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक असून महिला साहाय्यासाठी १८१ आहे.

तुमच्याबद्दलही एक सूचना. तक्रारदाराचे, व्यवस्थापकांचे किंवा साक्षीदारांचे नाव आणि चौकशीतील मजकूर उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात किंवा डबा खाताना याविषयी एक शब्दही निघू देऊ नका. या चर्चेतही यापुढे तपशील लिहू नका. कारखान्यातील अंतर्गत समितीची पुनर्रचना मात्र मालकांकडून करून घ्याच. हे प्रकरण तिच्याकडे जाणार नसले, तरी उरलेल्या स्त्रियांसाठी ती हवीच आहे, आणि अध्यक्षपदासाठी तुमच्या कारखान्यात तुमच्याहून योग्य कोणी असेल असे मला वाटत नाही.

उत्तर ५ (जुळे सोलापूर)

तेलुगू वाचून दाखवणारी, कारखान्याशी संबंध नसलेली एक शिक्षिका माझ्या ओळखीची आहे आणि ती यायला तयार आहे. ताई, मला येथील खासगी निरोपात केवळ वार आणि वेळ कळवा, बाकी काहीही लिहू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात तिच्यासोबत कोणी हवे असेल तर मीही येईन.