लॅक्रॉस: समोरचा मुलगा खरंच सातवीतला होता का?

प्रेषक: सातवीतल्या मुलाचा बाबा

नमस्कार मंडळी,

वार्षिक सभेच्या तारखेचा घोळ चालू असताना मध्येच घुसतोय, माफ करा. आपल्या मेल यादीवर लॅक्रॉसवाले (इथे अमेरिकेत जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळतात तो खेळ) पालक बरेच आहेत म्हणून विचारतो.

शनिवारी धाकट्याची स्पर्धा होती. त्याच्या संघाचं नाव '२०३१', म्हणजे २०३१ साली शाळा संपवणारी मुलं. समोर एक डिफेन्समन (बचावपटू) असा होता की लांब काठीसुद्धा त्याच्या हातात आखूड दिसावी. ओठावर मिसरूड. आमचं पोरगं ग्राउंड बॉल (जमिनीवर पडलेला चेंडू) उचलायला वाकलं की आडवं, असं तीनदा झालं. चेक (अंगावरच्या धडका) नियमातले होते, पंचांबद्दल माझं काही म्हणणं नाही. नंतर कळलं की तो मुलगा त्याच इयत्तेत मुद्दाम दुसऱ्यांदा बसलाय. 'होल्डबॅक' म्हणतात म्हणे.

क्लबची फी भरलीच, वर यूएसए लॅक्रॉस या राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व सक्तीचं. तिथे मुलाची जन्मतारीखही पडताळून झाली. ती कशासाठी मग? आमच्याकडे याला सरळ वयचोरी म्हणायचे. तक्रार कुठे करायची?

---

प्रेषक: माजी टीम मॅनेजर (दोन खेळाडूंची आई)

दादा, तक्रार करण्याआधी स्पर्धेची नियमावली उघडा. गट वयावर आहेत की इयत्तेवर, तेवढं बघा. माझी पैज इयत्तेवर.

आणि ही वयचोरी नाही. वयचोरीत दाखला खोटा असतो, म्हणून तर बीसीसीआय लहान वयोगटातल्या पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढते. इथे दाखला शंभर टक्के खरा. मुलगा खरोखर सातवीत आहे, फक्त दुसऱ्यांदा. एक्स-रेत काय सापडणार?

आपली गल्लत होते ती 'राष्ट्रीय संघटना' या शब्दामुळे. आपल्या डोक्यात बीसीसीआय असते: मैदानावरचा क्लब शहराच्या असोसिएशनचा, असोसिएशन बोर्डाची, वरून फर्मान सुटलं की खालपर्यंत पोचणार. यूएसए लॅक्रॉस तशी नाही. महिलांची, प्रशिक्षकांची, पंचांची, क्लबांची अशा आठ संस्थांनी १९९८ साली एकत्र संसार थाटला, ती ही. तोवर खेळ इथे शंभर वर्षांहून अधिक रुळलेला होता आणि घरं वाटली गेली होती. शाळेतल्या मुलांचे नियम एनएफएचएस ही शालेय खेळांची संस्था लिहिते, कॉलेजचे एनसीएए ही कॉलेज खेळांची. क्लब कुठे पालकांनी चालवलेला, कुठे चक्क धंदा. स्पर्धा भरवणारी कंपनी तिसरीच. यातल्या कुणाचा कान यूएसए लॅक्रॉसच्या हातात नाही.

तिने वयोगट आखून दिलेत, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं वर्ष धरून. गावच्या लीग बहुतेक ते पाळतात. ट्रॅव्हल क्लबांच्या (गावोगावी जाऊन खेळणाऱ्या) उन्हाळी स्पर्धा मात्र इयत्तेवर चालतात, कारण मोठ्या मुलांच्या सामन्यांना कडेला खुर्च्या टाकून कॉलेजचे प्रशिक्षक बसलेले असतात. मुलगा कोणत्या वर्षी कॉलेजात येणार, एवढंच त्यांना हवं असतं. एकेकाळी आठवी-नववीतल्या पोरांना कॉलेजं संघात घेण्याचा तोंडी शब्द द्यायची. २०१७ मध्ये एनसीएएने ते बंद केलं: अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत प्रशिक्षकाने मुलाशी भरतीबद्दल बोलायचं नाही. मला वाटलं, आता होल्डबॅकची घाई संपेल. कसलं काय! अकरावीत उंच दिसायला सातवीपासूनच तयारी लागते, असं आमच्याच कारपूलमधल्या एका बाईंनी मला समजावलं होतं.

मग सदस्यत्वाचे पैसे कशाचे? एक, अपघात विमा. तुमचा आरोग्य विमा आधी, उरलेल्या खर्चासाठी हा. दोन, प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासणी. माझ्यासाठी एवढंही पुरे.

---

प्रेषक: निवृत्त पंच

ताईंनी एक गोष्ट सोडली, ती मी सांगतो. लॅक्रॉसचा चेंडू घट्ट रबराचा. छातीवर नेमक्या जागी, हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या क्षणी बसला तर धडधाकट मुलाचं हृदय बंद पडू शकतं. क्वचित होतं, पण झालेलं आहे. वर्षानुवर्षं छातीच्या पॅडना त्यासाठी मानकच नव्हतं. ते व्हावं म्हणून पाठपुरावा करणाऱ्यांत यूएसए लॅक्रॉस होती. १ जानेवारी २०२१ पासून गोलीला (गोलरक्षकाला) आणि १ जानेवारी २०२२ पासून मैदानावरच्या मुलांना एनओसीएसएई या खेळसाहित्याची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाचं पॅड सक्तीचं झालं. इथे मात्र शाळा, कॉलेज, क्लब सगळे एका ओळीत उभे राहिले. वयाच्या बाबतीत नाही राहिले, कारण छातीचा पॅड कुणाची शिष्यवृत्ती हिरावत नाही.

थोडं विषयांतर. लॅक्रॉस २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, हे माहीत असेलच. शिक्कामोर्तब कुठे झालं? आपल्या मुंबईत, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या ऑक्टोबर २०२३ च्या अधिवेशनात. क्रिकेट परत आलं म्हणून आपण सगळे नाचलो, त्याच ठरावात लॅक्रॉस होतं. पदकासाठी याआधी तो १९०८ मध्ये लंडनला खेळला गेला होता. आता सहा-सहा जणांचा, छोट्या मैदानावरचा, झटपट. ज्यांचा हा मूळ खेळ, त्या हॉडेनोशोनी (उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवासी) लोकांचा संघ जागतिक स्पर्धांत स्वतःच्या नावाने उतरतो. ऑलिंपिकला अडतं, कारण त्यांची मान्यताप्राप्त ऑलिंपिक समिती नाही. तुमच्या '२०३१' पेक्षा या प्रश्नाने माझी झोप जास्त उडते. असो.

---

प्रेषक: सातवीतल्या मुलाचा बाबा

ताई, पैज जिंकलात. नियमावलीचं तिसरं पान: गट इयत्तेनुसार. वयाचा उल्लेखसुद्धा नाही, आणि खाली माझीच सही. क्लबच्या व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, 'आमच्या संघातही दोघे आहेत.' कोण ते मला माहीत आहे. गोल त्यांनीच केले, आणि तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो.

वसंतात गावच्या लीगमध्ये खेळवावं म्हणतो. पोरगा तयार नाही, त्याचे मित्र इथे आहेत.

काका, तुमची मेल वाचून रात्री बॅग उपसली. पॅड मोठ्याचं जुनं आहे, २०१९ मध्ये घेतलेलं. एनओसीएसएईचा शिक्का कुठेच सापडत नाही. आतल्या बाजूला असतो का?

---

प्रेषक: निवृत्त पंच

शिक्का ठळक असतो, शोधावा लागत नाही. २०१९ चं असेल तर धरून चालू नका. ते पॅड घालून मैदानात उतरायचं नाही, सरावालासुद्धा. शनिवारी पंचांच्या लक्षात कसं आलं नाही, हे मी आमच्या लोकांना विचारणार आहे.

---

प्रेषक: माजी टीम मॅनेजर (दोन खेळाडूंची आई)

माझ्या धाकटीच्या वर्गमित्राचं पॅड आमच्या गॅरेजमध्ये पडलंय, शिक्क्यासकट. मध्यम माप. बुधवारच्या सरावाआधी घेऊन जा. घरी कुणी नसलं तर दारात ठेवते.