पावसाळी ट्रेकचं सामान: परत करायची मुदत संपायच्या आत घरी काय तपासावं?

चिंब_चपला

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर करायचं आहे. पहाटे साडेचारला निघणार, म्हणजे सुरुवात अंधारातच. हेडटॉर्च, रेनकोट, बूट तिन्ही नवीन मागवलेत. परत करायची मुदत १० दिवस, त्यातले २ गेले. टॉर्चच्या खोक्यावर ३००० ल्युमेन (एकूण उजेड), ८ तास आणि आयपीएक्स७ (पाण्यापासून बचावाची श्रेणी) असं छापलंय. सोबत ९९०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) १८६५० सेल. रेनकोटवर ५००० मिमी. बुटांवर नुसतंच 'वॉटरप्रूफ'. यातलं किती खरं हे घरच्या घरी कसं कळेल? स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मल्टिमीटर आहे. खिशात ठेवायला लहान चाकूही घ्यायचाय.

सेलवाला

बादलीत बुडवून बघणं नंतर, आधी गणित. तुमची टॉर्च कागदावरच नापास होतेय.

१८६५० म्हणजे १८ मिमी जाडी आणि ६५ मिमी लांबी. एवढ्या नळकांड्यात नावाजलेल्या कंपन्याही ३५०० एमएएचच्या आसपासच पोचतात. ९९०० छापलेला सेल खोटा, यात चर्चेला जागाच नाही. काट्यावर ठेवून बघा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तिशीत भरला तर आत माल कमी आहे.

आता ल्युमेन. साडेतीन अँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट, म्हणजे एका उत्तम सेलमध्ये साधारण १२.६ वॅट-तास. हेडटॉर्चमध्ये वॅटमागे ढोबळ १०० ल्युमेन धरा. ३००० ल्युमेनला ३० वॅट लागतील आणि सेल २५ मिनिटांत आटपेल. तेच ८ तास चालवायचं तर २४० वॅट-तास हवेत, म्हणजे डोक्यावर १९ सेलांची माळ. शिवाय ३० वॅटची उष्णता बाहेर टाकायला कपाळावरच्या त्या डबीत धातूच नसतो.

खरं सांगणाऱ्या खोक्यावर एएनएसआय एफएल१ या मानकाची चिन्हं असतात. तीही नीट वाचायला लागतात. ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांत. 'किती वेळ चालते' म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे ४०० ल्युमेनची टॉर्च शेवटचे कित्येक तास ५० वर मिणमिणत असली तरी खोकं खोटं ठरत नाही. अंतराचा आकडाही तसाच: उजेड ०.२५ लक्सवर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा उजेड) येतो तिथपर्यंतचं अंतर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. त्या अंतरावर निसरडी पायरी दिसेल अशी आशा धरू नका.

पायवाटेला १०० ते १५० ल्युमेन भरपूर झाले. १५० वर दीड वॅट, म्हणजे एका चांगल्या सेलवर ८ तास. वाट शोधायला अधूनमधून ३०० लागतील, बस.

चिंब_चपला

सेल ३३ ग्रॅम. :( परत पाठवतोय. २००० रुपयांत काय बघू?

सेलवाला

कंपनी कुठलीही घ्या. एफएल१ची चिन्हं, ३०० ते ४०० ल्युमेन, किमान आयपीएक्स४, आणि बोटं ओली असतानाही दाबता येईल असं बटण. पेन्सिल सेलवर किंवा रिमोटच्या बारीक सेलवर चालणारी असेल तर उत्तम, कारण गावच्या दुकानात ते मिळतात, १८६५० मिळत नाही. चार्ज होणारे एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) सेल वापरा. साधे अल्कलाइन टॉर्चमध्ये ठेवून पावसाळा काढलात तर गळतात आणि पत्र्यावर पांढरं मीठ साचतं. साचलंच तर व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा, नंतर ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा.

नवीन आली की दोन चाचण्या करा.

पहिली, किती वेळ चालते. अंधाऱ्या बाथरूममध्ये टॉर्च छताकडे तोंड करून ठेवा. शेजारी फोन, त्यात लक्स मोजायचं कुठलंही फुकट ॲप. फोनचा सेन्सर अचूक नसतो, पण आपल्याला आकडा नको, घसरण हवी आहे. त्यामुळे दोन्ही जागचे हलवायचे नाहीत. दर १० मिनिटांनी लिहून ठेवा. चांगली टॉर्च पायरी उतरावी तशी उतरते आणि प्रत्येक पायरीवर स्थिर राहते. हलकी टॉर्च पहिल्या मिनिटापासून घसरगुंडीवर असते. लिथियम सेलवाली असेल तर विझल्यावर सेल काढून व्होल्टेज बघा. २.५च्या खाली गेला असेल तर वेळेत बंद करणारं सर्किट नाही, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. पूर्ण चार्जला ४.२ हवा. ४.२५च्या वर गेला तर चार्जर कचऱ्यात.

दुसरी, पाण्याची. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी, आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. चारवालीला नळाखाली धरा, बादलीत बुडवू नका. सातवालीचे सेल काढून त्या जागी टिश्यूची सुरळी घाला, झाकण लावा आणि अर्धा तास बादलीच्या तळाशी ठेवा. बाहेरून पूर्ण कोरडी करून मगच उघडा, नाहीतर पुसायचं राहिलेलं पाणी आत जातं आणि चांगल्या टॉर्चवर उगाच आळ येतो.

सुरळीवर पास झाली तर पुढची पायरी. सेल घालून १० मिनिटं पूर्ण उजेडावर तापवा आणि लगेच गार पाण्यात टाका. आतली हवा थंड होऊन आकसते आणि फटीतून पाणी ओढते. घाटात नेमकं हेच होतं: तापलेली टॉर्च आणि वरून पावसाची सर. काचेला आतून वाफ धरली तर परत पाठवा.

धुक्यात कपाळावरची टॉर्च डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करते, कारण उजेड आणि डोळे एकाच रेषेत असतात. काढून कमरेपाशी हातात धरा आणि उजेड कमी करा.

शिवण_टाके

रेनकोटचं मी घेते. ५००० मिमी म्हणजे कापडावर ५ मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी थेंब आत आला नाही. पण ही चाचणी सपाट कापडाची असते. गळते शिवण. रेनकोट उलटा करा. प्रत्येक शिवणीवर आतून चकचकीत पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. खांदा, काख आणि टोपी मानेला जोडतात ती जागा, या तीन ठिकाणी नखाने हलकं खरवडून पट्टीचं टोक उठतंय का बघा. काही रेनकोटांत पट्टी फक्त खांद्यालाच असते आणि तरी वर 'सीम सील्ड' छापलेलं असतं.

मग खांद्याची शिवण मधोमध येईल अशी झोळी करून पातेल्यावर बांधा, लिटरभर पाणी ओता आणि २० मिनिटं थांबा. यात दाब जेमतेम ७-८ सेंटीमीटर पाण्याचा, म्हणजे पास झाल्याने ५००० सिद्ध होत नाही. नापास झाला तर मात्र विषय संपला.

सॅकच्या पट्ट्याखाली काय होतं ते ओट्यावर बघता येतं. खाली कोरडा टिश्यू, त्यावर रेनकोट, बाहेरची बाजू वर. त्यावर निथळतं ओलं फडकं चौपदरी घडी करून. त्यावर ५ सेंटीमीटर व्यासाच्या सपाट बुडाचा डबा आणि डब्यावर ५ किलोची तांदळाची पिशवी, हाताने सावरून. हा दाब ढोबळमानाने अडीच मीटर पाण्याइतका होतो. १० मिनिटांनी टिश्यूवर ओला गोल उमटला तर तो रेनकोट स्कूटरसाठी ठीक, सॅकसाठी नाही.

आणि 'ब्रीदेबल'वर पैसे घालू नका. ते कापड घामाची वाफ बाहेर सोडतं ते आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा. जुलैत घाटात बाहेरची हवाच ओलीचिंब, वाफ जाणार कुठे? काखेत लांब झिप असलेला साधा कोट जास्त उपयोगी. भातलावणीच्या इरल्याकडे बघा: पाठ झाकलेली, बाकी सगळं मोकळं, वारा खेळता. त्याच कारणाने सॅकसकट झाकणारा पोंचोही चांगला, फक्त वाऱ्यात फडफडतो म्हणून कमरेला दोरी बांधा.

सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी झिरपतंच. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, तोंड पिळून दुमडा आणि रबर लावा.

आडवाट

छत्रीचं कुणीच बोललं नाही. गणेश घाटाची जंगलातली वाट छत्रीला उत्तम. कोटात उकडून भिजण्यापेक्षा बरं.

शिवण_टाके

झाडीत मान्य. उघड्या धारेवर छत्री उलटते, आणि कातळावर दोन्ही हात मोकळे हवेत.

आडवाट

हे बरोबर. तसंही @चिंब_चपला, ऐनवेळी कुणी शिडी घाट (भीमाशंकरची शिड्यांची दुसरी वाट) सुचवला तर पावसात नको, शिड्या आणि कातळ दोन्ही निसरडे असतात.

बुटांकडे येतो. 'वॉटरप्रूफ' बूट सह्याद्रीच्या पावसात उलटा त्रास देतात. ओढा ओलांडताना पाणी घोट्याकडून आत शिरतं आणि जे अस्तर बाहेरचं पाणी अडवतं तेच आतलंही अडवतं. दिवसभर पाय तळ्यात. जाळीच्या कापडाचा, पाणी गाळून टाकणारा बूट हवा. तुमचे बदलता येत असतील तर बदला.

बूट घरात ओले केले तर परत घेणार नाहीत, म्हणून सगळी तपासणी कोरड्यानेच करा. सोलच्या गुटलीवर (खाचांमधल्या उंचवट्यावर) अंगठ्याचं नख दाबा. किंचित रुतून परत वर आलं तर रबर मऊ आहे, ओल्या दगडावर धरेल. नख टक्कन घसरलं तर ते कडक प्लास्टिकसारखं सोल, ओल्या कातळावर साबण. खाचा ४-५ मिमी खोल हव्यात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, नाहीतर चिखल भरून सोल गुळगुळीत होतं. बूट चवड्यापाशी वाकवा आणि सोल व वरचं कापड जिथे चिकटवलंय ती रेघ टॉर्च मारून बघा. कागदाची कड आत शिरली तर चिकटवणं कच्चं.

माप संध्याकाळी बघा, पाय तेव्हा फुगलेले असतात. ट्रेकचेच मोजे घाला. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाडी आवळून जिन्याच्या पायऱ्या उतरा. अंगठा पुढे आपटला तर परतीच्या उतारावर नख काळं होणार. सुती मोजे नकोत.

शेवाळावर मात्र कुठलंच सोल धरत नाही. हिरवं-काळं चकाकतंय तिथे पाय ठेवायचाच नाही, एवढंच.

बरोबरच्या कुणी कपाटातले चार-पाच वर्षांपूर्वीचे 'न वापरलेले' बूट काढले असतील तर तेही बघा. सोलमधला पीयू (पॉलियुरेथेन) फेस हवेतल्या दमटपणाने आपोआप कुजतो, न वापरताही. अंगठ्याने बाजूला दाबा. बारीक भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर सोल वाटेतच सुटणार. सॅकमध्ये दोन मीटर नायलॉन दोरी असू द्या. सोल सुटलं तर दोरी खाचांत बसवून आडवी गुंडाळायची आणि गाठ वर पायाच्या पाठीवर मारायची. गाठ खाली आली तर झिजून तुटते.

पाजळलेला

चाकूचं थोडक्यात. ओपिनेल ८ नंबर (साडेआठ सेंमीचं पातं) किंवा लहान व्हिक्टोरिनॉक्स, दोन्ही पुरे. ओपिनेल घेतलात तर स्टेनलेस पात्याचा घ्या, कार्बनचं पातं आपल्या पावसात दोन दिवसांत तांबूस होतं. त्याची एक खोड माहीत असू द्या: मूठ लाकडी, पावसात फुगते आणि पातं आत अडकून बसतं. पहिल्याच दिवशी बिजागरीच्या जागी लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब सोडा. औषधाच्या दुकानात मिळतं. खोबरेल नको, कालांतराने चिकट होऊन खवट वास येतो.

दुकानात बघायचं ते असं: पातं उघडून कुलूप (पातं उघडं धरून ठेवणारी कडी) असेल तर लावा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखड नको. मग पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकी आपटा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. कुलूप सुटलं तर तो चाकू नको. धार वर्तमानपत्रावर बघा, कागद फाटता कामा नये, कापला गेला पाहिजे.

९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांच्या कक्षेत येऊ शकतं. खिशातल्या चाकूचा त्याच्याशी संबंध नाही. विमानात मात्र लहानसाही केबिनमध्ये नेता येत नाही.

आणि चाकूबरोबर किचेनचा कॅराबिनर (दार असलेली धातूची कडी) फुकट मिळतो ना, त्यावर पाण्याची बाटली लटकवा. माणूस नाही. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर किलोन्यूटनचे तीन आकडे कोरलेले असतात: लांबीत, आडवा आणि दार उघडं असताना.

चिंब_चपला

नवीन टॉर्च आली, आयपीएक्स७. उजेड पायऱ्यांनी उतरला, सेलही ४७ ग्रॅम. पण बादलीतून काढल्यावर टिश्यूची एक कड ओली, दोन-तीन थेंबांएवढी, झाकणाच्या बाजूला. बाकी कोरडं. रेनकोट झोळीत पास, तांदळाखाली फिकट गोल उमटला. बूट जाळीचे बदलून घेतले. मुदत आता परवापर्यंत. टॉर्च पाठवू का?

सेलवाला

लगेच नको. झाकण उघडून आट्यांच्या बुडाशी जी काळी रबरी रिंग आहे ती टूथपिकने उचला, सुई नको, टोचते. रिंग बोटांवर ताणून फिरवा. कुठे चपटी झाली आहे, कातरली आहे की केस किंवा टिश्यूचा तंतू चिकटलाय? एक बारीक केसही पाण्याला वाट द्यायला पुरतो. आटे जुन्या टूथब्रशने साफ करा. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, नुसती चमक येईल इतकंच. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. रिंग खाचेत पीळ न पडता बसवा, झाकण शेवटपर्यंत आवळा आणि पुन्हा नवीन सुरळी घालून अर्धा तास. पुन्हा ओली झाली तर खाच किंवा आटेच वाकडे आहेत, ते घरी सुधारत नाहीत. परवाची वाट न बघता त्याच दिवशी पाठवा.

शिवण_टाके

रेनकोटचा फिकट गोल कुठे उमटला, शिवणीवर की नुसत्या कापडावर? शिवणीवर असेल तर आतून सीम सीलरचा (शिवण बुजवणाऱ्या चिकट द्रवाचा) पातळ हात द्या आणि रात्रभर वाळवा, चालेल. नुसत्या कापडावर असेल तर परत करा.

चिंब_चपला

कापडावर. परत करतो. टॉर्चच्या रिंगवर खरंच एक केस होता. पुसून, ग्रीस लावून परत बुडवली, सुरळी कोरडी.