शब्दचर्चा : रग्बीतील 'प्रमोशन' आणि 'रेलिगेशन'ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा प्रमुख संघांच्या स्पर्धेच्या खालच्या युरोपीय रग्बी स्पर्धांवर मराठीत लिहितो आहे. प्रमोशन आणि रेलिगेशन हे दोन शब्द प्रत्येक परिच्छेदात येतात आणि दर वेळी लेखणी अडते. कोशातले 'पदोन्नती' आणि 'पदावनती' कचेरीतले वाटतात. पदोन्नती वरिष्ठ देतात, संघ तर गुणतक्त्याच्या बळावर वर जातो. 'पदावनती'ला शिस्तभंगाच्या कारवाईचा वास येतो. 'हकालपट्टी' आणि 'गच्छंती' मथळ्यात खणखणीत वाटतात, पण शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या संघाला कोणी हाकलत नाही. तो पुढच्या हंगामात खालच्या स्पर्धेत खेळतो, एवढंच.

रचना अशी आहे : रग्बी युरोप या संघटनेची सर्वांत वरची स्पर्धा चॅम्पियनशिप, तिच्याखाली ट्रॉफी, तिच्याखाली कॉन्फरन्स. तळाचा संघ खाली, अव्वल संघ वर. याला नेमके शब्द सुचवावेत.

प्रतिसाद १

आधी 'डिव्हिजन'चा निकाल लावू या. सवयीने आपण 'विभाग' लिहितो आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पूर्व विभाग, पश्चिम विभाग येतात. आशियाई रग्बीत तर तिसऱ्या डिव्हिजनचेच पुन्हा पूर्व, दक्षिण असे भाग पाडले गेले आहेत. तिथे 'तिसऱ्या विभागाचा पूर्व विभाग' लिहिण्याची पाळी येते. युरोपातही कॉन्फरन्सचे पूर्वी उत्तर आणि दक्षिण असे भाग असत, ते एकाच पातळीवरचे. म्हणून वर-खाली असेल तिथे 'श्रेणी', शेजारी-शेजारी असेल तिथे 'गट'. हा भेद पाळला तर निम्मा गोंधळ मिटतो.

'स्तर' चालेल का, असा प्रश्न येईलच. चालेल, पण 'खालच्या स्तराचं रग्बी' म्हटलं की खेळाच्या दर्जावर शेरा मारल्यासारखं होतं. 'दुय्यम' तर अजिबात नको. 'दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा' यात फक्त रचनेतली जागा कळते. 'दुय्यम स्पर्धा' म्हणताच ती कमी महत्त्वाची ठरते, आणि तिथे खेळणाऱ्यांवर हा अन्याय आहे.

प्रतिसाद २

साधं क्रियापद वापरा. 'वर चढला', 'खाली उतरला'. नामांची गरजच काय?

प्रतिसाद ३

'उतरला'ची अडचण आहे. क्रीडा-मराठीत 'उतरणे' म्हणजे खेळायला येणे. संघ मैदानात उतरतो, स्पर्धेत उतरतो. 'पोर्तुगाल ट्रॉफीत उतरला' हे वाक्य वाचून दहापैकी नऊ जण म्हणतील, त्याने भाग घेतला. 'चढ-उतार' ही जोडीही हातची गेलेली आहे. 'चढ-उतारांची स्पर्धा' म्हणजे चुरशीची, कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकणारी, हाच अर्थ पक्का बसलाय.

'घसरण' जवळचा आहे, पण एकटा पुरत नाही. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेची क्रमवारी वेगळी आणि श्रेणी वेगळी. 'जॉर्जियाची घसरण' म्हटलं तर क्रमवारीतली की श्रेणीतली, हे कळणार नाही. जॉर्जिया क्रमवारीत काही वेळा इटलीच्या वर होता, तरी खेळत होता खालच्याच स्पर्धेत. तेव्हा 'खालच्या श्रेणीत घसरण' असं पूर्ण लिहावं. वर जाण्यासाठी 'बढती' उत्तम. तोही मूळचा नोकरीतला शब्द खरा, पण बोलण्यात इतका सैल झालाय की संघाला बिनदिक्कत लावता येतो. मात्र 'बढती मिळाली'पेक्षा 'बढती मिळवली' लिहा. तुमची मेहेरबानीची शंका क्रियापदानेच सुटते.

प्रतिसाद ४

'बढती' आणि 'विजेतेपद' एकच समजू नयेत, हे मला कळकळीने सांगायचं आहे. पोर्तुगालचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये तो वरच्या श्रेणीतून घसरला आणि बेल्जियम वर आला. पुढच्या तीन हंगामांत पोर्तुगाल ट्रॉफीचा विजेता ठरला, तिन्ही वेळा. पण बढतीसाठी वरच्या श्रेणीतल्या तळाच्या संघालाही हरवावं लागत होतं. २०१७ मध्ये बेल्जियमकडून हार, २०१८ मध्येही दार उघडलं नाही. २०१९ च्या जूनमध्ये फ्रँकफर्टला जर्मनीवर ३७–३२ असा विजय मिळाला तेव्हा कुठे बढती झाली. आता 'पोर्तुगालने ट्रॉफी जिंकली' असं नुसतं लिहिलं तर वाचकाला चषक उंचावल्याचं चित्र दिसतं, तो संघ अजून खालीच आहे हे कळत नाही. 'ट्रॉफी श्रेणीत पहिला आला, पण बढती हुकली' असं लिहावं.

आणि हाच संघ ८ ऑक्टोबर २०२३ ला तुलूजमध्ये विश्वचषकात फिजीला २४–२३ असा हरवतो! खालच्या श्रेणीतली ती तीन वर्षं वजा केली तर या विजयाची उंचीच कळत नाही. म्हणून हे शब्द नीट हवेत.

प्रतिसाद ५

विश्वचषकाचा विषय निघालाच आहे तर 'पात्रता' हा शब्द बढतीपासून दूर ठेवा. २०२३ च्या विश्वचषकासाठी युरोपातून थेट जाणारे संघ २०२१ आणि २०२२ या दोन हंगामांच्या एकत्रित गुणांवर ठरले. अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल स्पेनचे गुण कापले गेले, रोमानिया विश्वचषकात गेला आणि पोर्तुगालला दुबईतल्या शेवटच्या पात्रता स्पर्धेची संधी मिळाली. तिथे अमेरिकेशी १६–१६ अशी बरोबरी करून तो पात्र ठरला. या सगळ्यात कोणी श्रेणी बदलली नाही. स्पेन विश्वचषकाला मुकला, पण चॅम्पियनशिपमध्ये राहिला. अशा वेळी 'स्पेन बाहेर' हा मथळा अर्धवट ठरतो. कुठून बाहेर?

'बाद' हाही शब्द जपून वापरावा. बाद होणारा संघ त्या स्पर्धेपुरता संपतो. घसरलेला संघ पुढच्या वर्षी खेळतोच. मार्च २०२२ मध्ये रशिया आणि बेलारूसवर वर्ल्ड रग्बीने केलेली कारवाई तिसऱ्याच जातीची, ते 'निलंबन'.

प्रतिसाद ६

ज्या स्पर्धेत वर-खाली जाणंच नाही तिला काय म्हणावं? सिक्स नेशन्समध्ये इटलीने सलग ३६ सामने गमावले, मार्च २०२२ मध्ये कार्डिफला वेल्सवर २२–२१ अशी मात करेपर्यंत. तरी त्याची जागा अबाधित होती. त्याच वर्षी जॉर्जियाने आधी इटलीला आणि नंतर वेल्सला हरवलं, पण त्याच्यासाठी वर दारच नव्हतं. मी 'बंदिस्त स्पर्धा' लिहिते. 'कायम सदस्यांची स्पर्धा' अचूक आहे, पण लांब होतं.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. 'श्रेणी', 'गट', 'बढती', 'खालच्या श्रेणीत घसरण' आणि 'बंदिस्त स्पर्धा' हे शब्द घेतले. एक परिच्छेद लिहून पाहिला : "२० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत स्कॉटलंड २०१९ मध्ये शेवटचा आला आणि दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुढची तीन वर्षं महामारीमुळे स्पर्धाच झाल्या नाहीत. २०२४ मध्ये एडिनबरोत, घरच्या मैदानावर, दुसऱ्या श्रेणीत अव्वल येऊन त्याने बढती मिळवली." कुठे अडखळत नाही असं वाटतं.

फक्त फ्रँकफर्टसारख्या त्या एका सामन्याला नाव हवं. 'प्ले-ऑफ' म्हटलं की बाद फेरी डोळ्यांपुढे येते.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

मी त्याला 'बढतीचा सामना' म्हणत होते.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

तो पोर्तुगालसाठी बढतीचा. जर्मनीसाठी तोच श्रेणी राखण्याचा होता. ज्या संघाच्या बाजूने वाक्य लिहिलं असेल त्याप्रमाणे या दोहोंतलं एक घ्या. तक्त्यात मथळा द्यायचा तर 'श्रेणीनिर्णायक सामना' द्या, दोघांनाही लागू पडतो.