सिकॉर्स्कीची हॅट की सिएर्वाची बिजागरी? पात्याचं श्रेय नेमकं कुणाला

सोनेगावकर

हेलिकॉप्टरचा जनक म्हटलं की हॅट घालून व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरमध्ये बसलेला इगोर सिकॉर्स्की डोळ्यांसमोर येतो. १४ सप्टेंबर १९३९, अमेरिकेतलं स्ट्रॅटफर्ड, जमिनीला बांधून ठेवलेलं यंत्र. मान्य. पण इथल्या, नागपूरच्या, डिप्लोमाच्या पोरांना रोटरचं (डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचं) पातं शिकवायचं असेल, तर फळ्यावर पहिलं नाव स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाचं हवं, असं माझं मत आहे.

गडचिरोलीत मतदान पथकं घेऊन जाणारं एमआय-१७ हेलिकॉप्टर घ्या. रोटरचा व्यास २१.३ मीटर, मिनिटाला १९२ फेरे, म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला २१४ मीटर. ताशी २५० किमीने (सेकंदाला ६९ मीटर) पुढे जाताना एका बाजूच्या पात्याच्या टोकाला २८३ चा वारा लागतो, दुसऱ्या बाजूला १४५ चा. उचल वेगाच्या वर्गाने बदलते. टोकापाशी फरक ३.८ पट! यंत्र कुशीवर पडणारच, आणि सिएर्वाचे पहिले तीन ऑटोजायरो (वरचा रोटर नुसत्या वाऱ्यावर फिरणारी विमानं) तसेच लवंडले. त्याचं वेताच्या पात्यांचं लहान मॉडेल मात्र छान उडत होतं, कारण वेत वाकत होता. त्यावरून त्याने पात्याच्या मुळाशी आडवी बिजागरी घातली आणि जानेवारी १९२३ मध्ये सी-४ उडालं. जास्त वारा खाणारं पातं वर उचललं जातं आणि त्याचा कोन आपोआप कमी होतो. मागे जाणारं खाली येतं, त्याचा कोन वाढतो. हिशेब जुळला. ही एक गोष्ट काढून टाका, मग सिकॉर्स्की काय उडवतो ते सांगा.

एकच_मास्ट

काय बे भाऊ, ऑटोजायरो म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे. त्याच्या रोटरला इंजिन जोडलेलंच नसतं, वाऱ्यावर फिरतो. जागच्या जागी तरंगणं नाही, शेपटीकडे आघूर्ण (पीळ) सांभाळायची कटकट नाही. अवघड काम पुढेच होतं. इंजिनाची ताकद रोटरला दिली की धड उलटं फिरू पाहतं. त्याला एक मोठा रोटर आणि शेपटीला छोटा, हे उत्तर सिकॉर्स्कीने १९३१ मध्ये पेटंटसाठी दाखल केलं, आणि आजही बहुतेक हेलिकॉप्टरं त्याच घाटाची आहेत.

त्यात तो पहिल्या झटक्यात यशस्वी झाला असंही नाही. व्हीएस-३०० वर मुख्य रोटरचं सायक्लिक (दर फेऱ्यात पात्याचा कोन बदलून यंत्र हवं तिकडे कलवणारी यंत्रणा) नीट चालेना. १९४० मध्ये त्याने ते काढलंच आणि शेपटीला एकूण तीन छोटे रोटर लावले, दोन आडवे नि एक उभा. सायक्लिक पूर्णपणे परत आलं डिसेंबर १९४१ मध्ये. मग आर-४, कारखान्यातून ओळीने निघालेलं पहिलं हेलिकॉप्टर. चुकलेली वाट सोडून परत मागे येणं, हेही इंजिनिअरिंगच आहे.

सोनेगावकर

घाट त्याचा, मुळाची बिजागरी कुणाची? जर्मनीत फॉकेने आधी सिएर्वाचे ऑटोजायरो परवान्यावर बांधले आणि जून १९३६ मध्ये एफडब्ल्यू-६१ उडवलं, सिकॉर्स्कीच्या तीन वर्षं आधी. अमेरिकेत परवाना पिटकर्नकडे होता. त्याच्या कंपनीने रोटरच्या पेटंटसाठी अमेरिकी सरकारवर १९५१ मध्ये दावा ठोकला, १९७७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कोर्टालाही बिजागरीवाल्यांचं देणं मान्य करावं लागलं की!

आणि दुसरी बिजागरी विसरू नका. पातं वर उचललं की त्याचं वजन अक्षाकडे सरकतं, त्यामुळे ते फिरण्याच्या दिशेत पुढे धावू पाहतं. फुगडी खेळताना हात आवळले की वेग वाढतो, तसंच. मुळाशी आडवा ताण पडतो. १९२७ मध्ये सिएर्वाच्या एका यंत्राचं पातं हवेतच तुटलं, त्यानंतर उभी बिजागरी आली.

ट्रॅकिंगवाला

उभ्या बिजागरीसोबत दुखणंही आलं, ते कुणी बोलत नाही. पाती मागेपुढे डुलायला मोकळी झाली की त्यांचा गुरुत्वमध्य मध्यावरून सरकतो आणि जमिनीवर उभं यंत्र चाकांवर हिंदकळू लागतं. डॅम्पर (डुलणं शोषणारा भाग) गळका, टायरमध्ये हवा कमी किंवा पायाचा ऑलिओ (धक्का शोषणारी नळी) बसलेला असेल तर काही सेकंदांत यंत्राचे तुकडे होतात. चेतक हेलिकॉप्टरच्या तीन पात्यांमध्ये म्हणूनच डॅम्परच्या जोडीला अंतर राखणाऱ्या केबलीही असतात. हिंदकळणं सुरू झालं आणि रोटरचे फेरे उड्डाणाइतके असतील तर सरळ उचलायचं. नसतील तर कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली, थ्रॉटल बंद, रोटर ब्रेक. मधलं काही करायचं नाही.

तुम्ही दोघंही पात्याच्या मुळाशी अडकलात. पातं टिकवलं कुणी, ते बोला. आर-४ चं पातं म्हणजे स्टीलच्या नळीचा कणा, लाकडी फासळ्या, वर कापड. एका पात्याच्या कापडाने ओल धरली की ते जड होणार आणि पायलटच्या हातातली काठी थरथरणार. पुढे धातूचा कणा आला तर थकव्याची चीर आली, बाहेरून न दिसणारी. त्यावरचा तोडगा मला दोन्ही बिजागऱ्यांइतकाच मोठा वाटतो: पोकळ कण्यात दाबाखाली वायू भरून ठेवायचा. सिकॉर्स्की कंपनीने नायट्रोजन वापरला, एमआय-१७ मध्ये हवा असते. चीर पडली की दाब उतरतो आणि मुळाशी असलेल्या निर्देशकात लाल पट्टा दिसतो. उड्डाणाआधी मान वर करून पाच पात्यांकडे पाहिलं, झालं.

पिच_लिंक

थरथर आली की पिच लिंक (पात्याचा कोन ठरवणारी दांडी) दोन आटे फिरवायची, एवढं साधं आहे ते.

ट्रॅकिंगवाला

काऊन राजेहो, असंच करून पाती बिघडवतात. आधी थरथर उभी की आडवी ते पाहा. दर फेऱ्याला एकदा उभा धक्का (एमआय-१७ वर ३.२ हर्ट्झ) म्हणजे एखादं पातं बाकीच्यांच्या वर-खाली चालतंय, ट्रॅक गेला. आडवा धक्का म्हणजे वजनाचा तोल गेला, तिथे लिंकचं काम नाही, वजनाच्या चकत्या लागतात. ट्रॅक जमिनीवर किंवा तरंगताना चुकत असेल तर पिच लिंक. तरंगताना बरोबर आणि वेगात गेल्यावर फाकत असेल तर पात्याच्या मागच्या कडेचा टॅब (छोटी पट्टी) वाकवा, वर वाकवला की पातं वर चढतं. वेगातली चूक लिंकने दुरुस्त केलीत तर तरंगतानाचा जुळलेला ट्रॅक जातो. मग परत टॅब, परत लिंक, अख्खा दिवस त्यातच. पूर्वी टोकांना वेगवेगळ्या रंगाचा खडू लावून काठीवरचं कापड हळूच टेकवत आणि कुठला रंग कुठे उमटला ते बघत. आता स्ट्रोब आणि कंपनमापक आहे, तर्क तोच.

ध्रुवतारा

मुळात बिजागरीच काढून टाकली त्याचं काय? १९६७ मध्ये जर्मनीचं बीओ-१०५ हेलिकॉप्टर उडालं. टायटॅनियमचा हब (पाती जोडलेला मधला भाग), काचतंतूची पाती, वर-खाली किंवा मागे-पुढे व्हायला एकही बिजागरी नाही. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरचा रोटरही बिनबिजागरीचा. सिएर्वाचा वारसा तिथेच संपला.

सोनेगावकर

संपला कसा? पातं वाकतंच ना! बीओ-१०५ चं पातं जणू त्रिज्येच्या सुमारे १४ टक्क्यांवर बिजागरी असावी तसं वागतं. बिजागरी लोखंडातून काचतंतूत गेली. वेताच्या मॉडेलकडेच परत आलो आपण.

ध्रुवतारा

शब्दांचा खेळ झाला हा. मध्यावर बिजागरी असली की रोटरची चकती आधी कलते, धड तिच्याखाली लोंबत मागून जातं. बिनबिजागरीत मुळाचा ताण थेट मास्टला (रोटरच्या उभ्या दांड्याला) पिरगाळतो, यंत्र काठीबरोबर वळतं. मध्यावर झुलणाऱ्या दोन पात्यांचा रोटर बघा, रॉबिन्सन आर-४४ हेलिकॉप्टरचा. काठी एकदम पुढे ढकलली, यंत्र हलकं झालं की रोटरची पकडच जाते. शेपटीचा जोर यंत्राला उजवीकडे लोळवतो, पायलट घाबरून डावी काठी मारतो, आणि हब मास्टवर आपटून मास्ट तुटतो. आधी काठी हळूच मागे घेऊन रोटरवर भार आणायचा, लोळणं त्यानंतर सावरायचं. बिनबिजागरीच्या रोटरला हे दुखणं नाही.

एकच_मास्ट

आणि आपला मे महिना कुणी धरणार की नाही? सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून ३१५ मीटरवर. पारा ४५ ला गेला की हवा इतकी विरळ होते की पात्याला आपण १,५०० मीटरवर आहोत असं वाटतं. तेवढंच वजन उचलायला कोन वाढवावा लागतो, मग मागे जाणारं पातं लवकर स्टॉल होतं (उचल गमावतं). उलट गरम हवेत आवाजाचा वेग वाढतो, ४५ अंशांना सेकंदाला सुमारे ३५८ मीटर, म्हणून त्या वेगाच्या जवळ जाणाऱ्या, पुढे येणाऱ्या टोकाला थोडी सूट मिळते. या दोन टोकांच्या भांडणावरच ब्रिटिशांनी रुंद, मागे वळलेल्या टोकाचं बर्प पातं केलं. ११ ऑगस्ट १९८६ ला लिंक्स हेलिकॉप्टरने त्यावर ताशी ४००.८७ किमी गाठले. ही कमाई आकाराची, बिजागरीची नाही.

ट्रॅकिंगवाला

त्या आकाराला धूळ खाते. धान कापलेल्या बांधीत उतरताना पुढच्या कडेवर रेती घासते. धातूची पट्टी पावसाला टिकते, रेतीला झिजते. पॉलियुरेथेनची टेप रेतीला टिकते, पावसात फाटते. उन्हाळ्यात लावलेली टेप मृगाआधी तपासा, अर्धी सुटलेली टेप असण्यापेक्षा नसलेली बरी. आणि संमिश्र पात्यावर नाणं वाजवून बघा: टणक आवाज म्हणजे थर चिकटलेला, बद्द आवाज म्हणजे सुटलेला.

सोनेगावकर

बरं, फळ्यावर दोन्ही नावं लिहितो, सिएर्वा वर. पोरांसाठी वेताचं मॉडेल करायचं आहे. बर्डीवर वेत मिळेल का?

ट्रॅकिंगवाला

वेत कशाला, बुरडाकडून बांबूच्या पातळ कांबी आणा. ३० सेंटिमीटरची चार पाती, मध्ये ६०८ नंबरचं बेअरिंग, पात्याला दोनेक अंशांचा कोन, रोटर मागे दहा अंश कललेला. वारा कूलरचा. पण कूलरचा वारा गिरक्या घेत येतो, समोर पीव्हीसी पाइपच्या १५ सेंटिमीटरच्या तुकड्यांची जाळी उभी करा, नाहीतर काय वाकलं आणि का, ते कळणार नाही. आधी त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या कडक पट्ट्या लावून यंत्र लवंडू द्या. बांबू नंतर.