फोनला कळलं तर खरं

कुणीकुणी म्हणतं की कॉम्प्युटरवर इंग्रजी शिकवणं म्हणजे फळ्यावरचंच स्क्रीनवर आणणं. अर्धं पटतं, रिकाम्या जागा वहीत भरल्या काय आणि माऊसने भरल्या काय, 1960 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्लेटो ही कॉम्प्युटरवरून शिकवायची सिस्टीम आली तेव्हापासून मशीन चूक-बरोबर सांगतंच आहे.

पण उच्चाराचं वेगळं आहे हो. मी गोव्यात डिचोलीत शिकवणी घेते, बहुतेक भुरगीं, म्हणजे मुलं, मराठी प्राथमिकमधून आलेली. आपल्या एका व मध्ये इंग्रजीचे v आणि w असे दोन आवाज कोंबलेले असतात त्यामुळे व्हेस्ट आणि वेस्ट एकच, आणि पेन म्हटलं की लिहायचं की दुखायचं ते समोरच्याने ठरवायचं. मी शंभरदा सांगितलं, खीखी करून सोडून दिलं सगळ्यांनी. मग एकदा फोनवर व्हॉइस टायपिंग चालू केलं आणि म्हटलं बोला आता. स्क्रीनवर भलतंच उमटलं तशी आपणहून परत परत म्हणायला लागली, पैज लावून! फक्त सुटा शब्दच म्हणायला लावा, अख्खं वाक्य म्हटलं तर फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चूक झाकली जाते. आणि भाषेत इंग्लिश इंडिया निवडा, नाहीतर बरं बोलणारंही नापास.

ऐकायला बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश लावते, आधीच डाउनलोड करून, कारण पावसात आमच्याकडे लाईट आणि रेंज दोघं हातात हात घालून जातात.

व्याकरणाला मात्र अजून खडूच.